विश्लेषण : मोजणारा काटाच चुकला तर? लिनक्सच्या ‘पर्फ’मधील बारीक चुका दुरुस्त करणे का महत्त्वाचे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया भरलेला ट्रक बाहेर पडण्याआधी वजनकाट्यावर उभा राहतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते आणि पावती निघते. काटा बंद पडला तर लगेच कळते. पण काटा टनामागे पाच किलो जास्त दाखवत असेल, तर गाडी जाते, पावती फाटते, पैसेही मिळतात. चूक कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच कायद्याने वजनकाट्यांची ठरावीक काळाने पडताळणी बंधनकारक केली आहे.

संगणकाच्या जगातही असे काटे आहेत. एखादा प्रोग्रॅम संथ का चालतो, प्रोसेसरचा वेळ कुठे खर्च होतो, नेटवर्कवरचा डेटा कुठे गळतो, हे मोजणाऱ्या साधनांना ‘परफॉर्मन्स अ‍ॅनालिसिस टूल्स’ म्हणतात. लिनक्समधील असे सर्वात परिचित साधन म्हणजे ‘पर्फ’. त्यासोबत येणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमधील बारीकसारीक बग आणि टायपो जगभरातील लोक अनेक वर्षांपासून दुरुस्त करत आहेत. एका ओळीच्या या दुरुस्त्या का लागतात? त्यांना किंमत किती? आणि जालना, अंबड किंवा भोकरदनमध्ये बसलेला विद्यार्थी त्यात सहभागी होऊ शकतो का?

‘पर्फ’ म्हणजे नेमके काय?

लिनक्स कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोन याच कर्नेलवर चालतो. जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व महासंगणक लिनक्सवर चालणारे आहेत. ‘पर्फ’ हे साधन २००९ मध्ये कर्नेलच्या २.६.३१ या आवृत्तीसोबत आले. त्याचा सोर्स कोड आजही कर्नेलच्याच कोडमध्ये, ‘टूल्स’ या फोल्डरच्या आत असतो.

त्याची पद्धत सोपी आहे. प्रोसेसर प्रत्येक क्षणी काय करतो याची नोंद ठेवायची म्हटले, तर नोंद ठेवण्यातच सगळा वेळ जाईल. म्हणून ‘पर्फ’ ठरावीक अंतराने डोकावते आणि त्या क्षणी कोणते फंक्शन सुरू होते, तेवढेच टिपते. सेकंदाला ९९ वेळा डोकावायचे ठरवले आणि चार कोअरचा प्रोसेसर दहा सेकंद पूर्ण व्यग्र असेल, तर सुमारे ३,९६० नोंदी मिळतात. त्यातल्या निम्म्या नोंदींत एकच फंक्शन दिसले, तर निम्मा वेळ तिथे जातो असा अंदाज बांधता येतो.

१०० ऐवजी ९९ का? संगणकातील अनेक कामे सेकंदाला १० किंवा १०० वेळा अशा ठोक तालावर होतात. मोजणाऱ्यानेही तोच ताल धरला, तर दर वेळी एकच काम नजरेस पडेल आणि बाकीची निसटतील. मोजमापात इतकी छोटी गोष्टही निष्कर्ष बदलू शकते.

मग स्क्रिप्ट कशासाठी?

‘पर्फ’ने गोळा केलेल्या हजारो नोंदी कच्च्या असतात. त्यांची बेरीज, वर्गवारी आणि तक्ते करण्यासाठी ‘पर्फ स्क्रिप्ट’ ही सोय आहे. पर्ल किंवा पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहायचा. प्रत्येक नोंद आली की ‘पर्फ’ त्या प्रोग्रॅममधील फंक्शनला हाक मारते.

अशा तयार स्क्रिप्ट ‘पर्फ’सोबतच मिळतात. कोणत्या प्रोग्रॅमने कर्नेलकडे किती मागण्या केल्या म्हणजे सिस्टिम कॉल किती झाले, त्यातले किती फसले, नेटवर्कची पाकिटे कुठे टाकून दिली गेली, हे त्या सांगतात. २०२० मध्ये ‘फ्लेमग्राफ’ काढणारी स्क्रिप्ट त्यात आली. फ्लेमग्राफ म्हणजे कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला हे एका नजरेत दाखवणारे चित्र. ही कल्पना ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये मांडली. २०२३ मध्ये ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातील एका विद्यार्थ्याने ‘पर्फ’ची माहिती फायरफॉक्स प्रोफायलरमध्ये पाहता येईल अशी स्क्रिप्ट जोडली.

या स्क्रिप्ट काहीशे ओळींच्या असतात. त्या एकदा लिहिल्या जातात, वर्षानुवर्षे वापरल्या जातात आणि आजूबाजूचे कर्नेल मात्र बदलत राहते. चुका शिरतात त्या इथेच.

दोन शब्दांची अदलाबदल झाली तर?

‘नेट ड्रॉपमॉनिटर’ या स्क्रिप्टचे उदाहरण बोलके आहे. कर्नेलने नेटवर्कचे एखादे पाकीट टाकून दिले की ते कर्नेलमधल्या कोणत्या ठिकाणी टाकले, हे ही स्क्रिप्ट मोजते. सर्व्हरवर डेटा का गळतो हे शोधणाऱ्यासाठी हीच माहिती मोलाची.

त्या वेळी प्रत्येक घटनेसोबत स्क्रिप्टला तीन गोष्टी मिळत होत्या : पाकिटाचा पत्ता, ते जिथे टाकले त्या जागेचा पत्ता आणि प्रोटोकॉलचा क्रमांक. स्क्रिप्टमध्ये मात्र शेवटच्या दोन गोष्टींचा क्रम उलटा लिहिलेला होता. परिणामी प्रोटोकॉलचा क्रमांक हाच जागेचा पत्ता समजला जात होता. आयपीव्ही-४ चा हा क्रमांक आहे २०४८. म्हणजे पाकीट कर्नेलमध्ये कुठेही टाकले गेले असले, तरी स्क्रिप्टच्या हिशेबी ‘जागा’ २०४८!

पायथनने तक्रार केली नाही. कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच आणि जागेवर कोणता आकडा येतो, हे क्रमावरून ठरते. स्क्रिप्ट चालली, तक्ताही छापला गेला. बेन हचिंग्ज या कर्नेल विकसकाने २०१३ मध्ये ही चूक दुरुस्त केली. दुरुस्ती काय, तर दोन नावांची अदलाबदल.

त्याच वेळी आणखी एक दोष दूर झाला. ही स्क्रिप्ट कर्नेलमधील फंक्शनचे पत्ते आणि नावे डिक्शनरी या प्रकारात ठेवून त्यांची यादी क्रमाने लावत होती. पण दोन डिक्शनऱ्यांपैकी ‘आधीची’ कोणती, याचा भरवशाचा नियम पायथनच्या दस्तऐवजात नव्हता. त्याऐवजी टपल हा प्रकार वापरला, तेव्हा क्रम पक्का झाला.

कोड कुणी बदलला नाही, तरी तो बिघडतो?

हो. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्याआधी २०१९ मध्ये ‘पर्फ’च्या अनेक स्क्रिप्ट पायथन ३ वर चालतील अशा कराव्या लागल्या. यातले काही बदल डोळ्यांना दिसणारे होते. ‘प्रिंट’नंतर कंस न घातल्यास पायथन ३ थेट चूक दाखवते. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ असेल तरी ते अडते. अशा चुका त्रासदायक असल्या तरी लपत नाहीत.

लपणाऱ्या चुका वेगळ्या. पायथन २ मध्ये ७ भागिले २ हे पूर्णांकांत ३ येते. पायथन ३ मध्ये ३.५. सरासरी काढणाऱ्या ओळीत हा फरक असेल, तर स्क्रिप्ट थांबत नाही, फक्त उत्तर बदलते. एकाच यंत्रावर, एकाच नोंदीवर दोन वेगळे आकडे आले, तर खरे कोणते मानायचे?

संदेशही जुने होतात. सिस्टिम कॉलचे क्रमांक नावांत बदलण्यासाठी ‘पर्फ’च्या पायथन स्क्रिप्टना एक वेगळे पॅकेज लागते. ते नसेल तर तक्त्यात नावांऐवजी नुसते क्रमांक दिसतात आणि पॅकेज बसवा असा संदेश येतो. पूर्वी या संदेशात पॅकेजचे जुने नाव होते. पायथन ३ आल्यावर ते नाव टाकून काही सापडेनासे झाले. पुढे कुणीतरी संदेश बदलला आणि उबुंटू व फेडोरा या दोन्हींवर नेमके काय टाइप करायचे ते लिहिले. प्रोग्रॅमच्या कामात काडीचाही फरक पडला नाही. पण नवख्या माणसाचा अर्धा तास वाचला.

साध्या टायपोने काय बिघडते?

एका अक्षराने काय होते हे मराठी माणसाला ‘ध चा मा’पासून ठाऊक आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ हा आदेश ‘मारावे’ असा झाला, ही आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. जालना जिल्ह्याचा तर या विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत अक्षर एकसारखे दिसावे, इतक्या बारकाईने त्यात सूचना आहेत. हाताने नकला करण्याच्या काळात एका प्रतीतील चूक पुढच्या सगळ्या प्रतींत जात असे. कोडचेही तेच. नवा माणूस जुनी स्क्रिप्ट कॉपी करूनच नवी लिहितो.

मात्र सगळे टायपो सारखे नसतात. टिप्पणीतील चूक वाचणाऱ्याला खटकते, बाकी काही बिघडत नाही. मदतीच्या मजकुरात पर्यायाचे नाव चुकले, तर वाचक तेच टाइप करतो आणि ‘असा पर्याय नाही’ असे उत्तर मिळते. त्रुटीच्या संदेशात चूक असेल, तर शोध घेणेच अवघड होते. योग्य स्पेलिंग टाकून हजारो फायली धुंडाळल्या, तरी चुकीचे छापलेले सापडत नाही. कर्नेलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत ‘शोधात अडथळा आणणाऱ्या स्पेलिंगच्या चुका’ असा स्वतंत्र प्रकार नोंदवलेला होता, तो याच कारणाने.

या चुका शोधण्याची सोयही कर्नेलमध्ये आहे. नेहमी चुकणाऱ्या शब्दांची एक फाइल असते. एका बाजूला चुकीचे रूप, दुसऱ्या बाजूला बरोबर. ‘चेकपॅच’ हा तपासनीस प्रोग्रॅम तिचा आधार घेतो. कॉलिन इयन किंग यांनी कर्नेलमधील संदेशांच्या स्पेलिंगच्या चुका अनेक वर्षे चिकाटीने दुरुस्त केल्या. यंत्रावर मुद्दाम ताण टाकून पाहणारे ‘स्ट्रेस-एनजी’ हे नावाजलेले साधनही त्यांचेच. शुद्धलेखन तपासणे हे फक्त शिकाऊ माणसाचे काम नाही.

दिसला टायपो की दुरुस्त करावा का?

नाही. काही चुका दुरुस्त करणेच धोक्याचे असते. वेबवर एका पानावरून दुसऱ्या पानावर गेल्यावर ‘आधी कुठे होता’ हे सांगणारा ‘रेफरर’ हा हेडर आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ सुरुवातीलाच गळाला. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला. तोवर प्रोग्रॅम त्याच स्पेलिंगवर चालू लागले होते. आजही प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचे स्पेलिंग पाठवतो. बरोबर करायला गेले तर वेब मोडेल.

‘पर्फ’च्या स्क्रिप्टनाही हा नियम लागू पडतो. तक्त्याच्या रकान्याचे नाव चुकीचे असले, तरी कुणीतरी त्याच नावावरून आकडे उचलणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिलेला असू शकतो. म्हणून टिप्पणीतला टायपो निर्धास्तपणे सुधारावा. छापून येणाऱ्या नावाला हात लावण्याआधी ते कोण वाचते याचा शोध घ्यावा.

छोट्या दुरुस्त्यांकडे संशयाने का पाहिले जाते?

याला अलीकडचा इतिहास कारणीभूत आहे आणि त्यातील काही भाग भारतीय विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावा असा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार दुरुस्त्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. ‘रीडमी’ फाइलमध्ये एखादे विशेषण घालायचे आणि ती दुरुस्ती म्हणून पाठवायची, असा पूर आला. आयोजकांना महिना संपण्याआधीच नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या लोकप्रिय जावास्क्रिप्ट प्रकल्पावर हेच घडले. एका शिकवणीच्या व्हिडीओतील प्रात्यक्षिक पाहून अनेक विद्यार्थ्यांनी स्वतःचे नाव ‘रीडमी’त घालण्याच्या विनंत्या पाठवल्या. त्या बंद करत बसण्याचे काम पडले फुकट वेळ देणाऱ्या मेंटेनरवर.

२०२१ मध्ये याहून गंभीर प्रकार उघड झाला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी निरुपद्रवी दिसणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांतून कर्नेलमध्ये मुद्दाम दोष शिरवता येतात का, याचा प्रयोग केला होता. त्यानंतर कर्नेलच्या मेंटेनरनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवले आणि जुन्या दुरुस्त्याही पुन्हा तपासल्या.

म्हणून आज एका ओळीची दुरुस्तीही नीट वाचली जाते. पाठवणाऱ्याने हा बदल का केला, तो चालवून पाहिला का, हे विचारले जाते.

जालन्यातील विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

जालन्यात अभियांत्रिकीचे पदवी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. पोलाद, बियाणे आणि मोसंबी ही जिल्ह्याची ओळख; सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मात्र पुणे किंवा बेंगळूरुची वाट धरावी लागते. या कामासाठी ती वाट धरण्याची गरज नाही. लिनक्स असलेला साधा लॅपटॉप आणि ईमेल पुरेसे आहे.

• आधी वापरा. ‘पर्फ’ बसवून स्वतःच्याच प्रोग्रॅमवर चालवावे. ‘पर्फ स्क्रिप्ट’ला यादीचा पर्याय दिला की उपलब्ध स्क्रिप्ट दिसतात. एकेक चालवून पाहावी. कोणती अडते? कोणता आकडा पटत नाही? खरे बग इथेच सापडतात.

• डेटा वाचवा. कर्नेलचा संपूर्ण इतिहास उतरवायला मोबाइलचा बराच डेटा लागतो. ‘गिट’मध्ये फक्त ताजी प्रत घेण्याची सोय आहे. स्क्रिप्ट वाचायला तेवढी पुरते. चूक केव्हा शिरली हा शोध वेबवरील इतिहासात घेता येतो.

• ताज्या कोडवर तपासा. आपल्या यंत्रावरील ‘पर्फ’ जुने असू शकते. ‘पर्फ-टूल्स-नेक्स्ट’ या शाखेत ती चूक आधीच सुधारली आहे का, ते पाहावे.

• रिकामी नोंद देऊन पाहा. एकही घटना नसताना टक्केवारी काढणारी स्क्रिप्ट शून्याने भागायला जाते का? फाइलच्या नावात स्पेस असेल तर काय होते? अशा कोपऱ्यांत बग दडलेले असतात.

• एका दुरुस्तीत एकच गोष्ट. टायपो आणि बग एकत्र पाठवू नयेत. काय चुकत होते, ते कसे दिसले आणि आता काय दिसते, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. चूक ज्या जुन्या बदलातून आली, त्याचा क्रमांक ‘फिक्सेस’ या ओळीत द्यावा.

• सही विसरू नका. प्रत्येक दुरुस्तीखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी ती हमी. ही पद्धत कर्नेलमध्ये २००४ पासून आहे.

• धीर धरा. दुरुस्ती कुणाला पाठवायची, हे ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. ईमेल साध्या मजकुरात असावा. उत्तर यायला दिवस लागतात आणि पहिले उत्तर बहुतेकदा ‘हे बदलून पुन्हा पाठवा’ असेच असते. तो नकार नसतो.

यातून मिळते काय?

पैसे नाहीत आणि नोकरीची हमीही नाही. पण स्वीकारलेली दुरुस्ती लेखकाच्या नावानिशी कर्नेलच्या इतिहासात राहते. ती कुणीही, केव्हाही उघडून पाहू शकते. मुलाखतीत ‘मला पायथन येते’ असे सांगण्यापेक्षा ‘या स्क्रिप्टमध्ये हा आकडा चुकत होता; तो का चुकत होता हे मी असे शोधले’ असे सांगणे वेगळे ठरते. पुढच्या प्रश्नाचे उत्तरही मग आपोआप सुचते, कारण ते काम स्वतः केलेले असते.

फायदा उलट दिशेनेही आहे. एखाद्या बँकेचा सर्व्हर संथ झाला किंवा रेल्वे तिकिटाचे संकेतस्थळ अडले, तर तिथला अभियंता मोजमापाच्या साधनाने सांगितलेल्या जागी दुरुस्ती करायला जातो. साधनाने भलतीच जागा दाखवली, तर तो दोन दिवस चुकीच्या ठिकाणी खोदत बसतो. आपण चुकीच्या ठिकाणी खोदतो आहोत, हे त्याला कळायलाही मार्ग नसतो.

म्हणून पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही दुरुस्ती माझे नाव यादीत यावे म्हणून आहे, की पुढच्या माणसाला आकडा बरोबर दिसावा म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर दुरुस्ती एका अक्षराची असली तरी पाठवावी.